होकारानंतरची भूक

दुसरे डॉक्टर लिफ्टने खाली गेले आणि रेन्स्केला भूक लागली.

ही भूक आहे हे आधी तिच्या लक्षातच आलं नाही. हल्ली पोटात जरा काही हललं की तिचा हात आपोआप उलटीच्या भांड्याकडे जायचा, तसा तो आताही गेला. भांडं मांडीवर घेऊन ती वाट बघत बसली. काहीच झालं नाही. उलट तोंडाला पाणी सुटलं, आणि कांद्याचा वास आला. घरात कांदा नव्हता. कांदाच काय, लापशी आणि सफरचंदाच्या गरापलीकडे घरात खाण्यासारखं काही नव्हतं. वसंतभर ती त्यावरच होती आणि तेही निम्म्याहून जास्त वेळा बाहेर पडत होतं. आणि आता हा कांद्याचा वास. मग त्या वासाखालून हळूहळू ती वस्तूही वर आली: हेरिंग. जूनमधला, नवा, कच्चा, चरबीने चकाकणारा, जिभेवर ठेवला की लोण्यासारखा ढिला पडणारा मासा, आणि वर बारीक चिरलेला कांदा. रेन्स्केने भांडं खाली ठेवलं आणि एकटीच हसली. काय हा आचरटपणा! माणूस आत्ता आपल्याला मरणाची परवानगी देऊन गेला आणि आपल्याला हवाय मासा.

तो माणूस उंच होता, पँट सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून लावलेली पट्टी त्याच्या पायाला तशीच राहिली होती, आणि बोलताना रेन्स्केला सारखं वाटत होतं की त्याला ते सांगावं. पण त्याचे प्रश्न गंभीर होते. कायदाच तसा आहे. आपल्या रोजच्या डॉक्टरने एकट्याने हे ठरवायचं नसतं. ज्याने रोग्याला कधी पाहिलेलं नाही अशा दुसऱ्याने यायचं, समोर बसायचं आणि विचारायचं. "तुम्हाला कोणी भाग पाडतंय का?" त्याने विचारलं होतं. "हो," ती म्हणाली होती, "माझा भाऊ. जगायला." त्याने मान खाली घालून लिहिलं, मग पेन थांबलं, आणि मग तो हसला. त्यानंतर जरा सोपं झालं. "असह्य म्हणता तुम्ही. म्हणजे नेमकं काय?" हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. कायद्याला तो शब्द लागतोच: असह्य, आणि ज्यातून सुधारण्याची आशा नाही असं. सुधारण्याचं सोपं होतं, ते यकृताच्या चित्रात दिसत होतं. असह्य मात्र चित्रात दिसत नाही. ती म्हणाली होती, "मी आयुष्यभर मुलांना पोहायला शिकवलं. परीक्षेला मुलं कपडे-बूट घालून पाण्यात उतरतात, माहीत आहे ना? भिजलेला कोट किती जड होतो ते तेव्हा कळतं त्यांना. मी सकाळी उठते तेव्हा माझं शरीर माझ्याबरोबर उठत नाही. मला ते त्या कोटासारखं ओढून न्यावं लागतं. संडासापर्यंत. खिडकीपर्यंत. मुलांना निदान काठ दिसतो. मला काठ नाही." त्याने ते शब्दशः लिहून घेतलं. निघताना दाराशी म्हणाला, "मी होकार लिहीन. तुमच्या डॉक्टरांना आजच कळवतो." आणि हात पुढे करून सवयीने म्हणाला, "लवकर बऱ्या..." आणि कानापर्यंत लाल झाला.

ती खिडकीशी आली. खाली तो सायकलच्या कुलपाशी झटापट करत होता. त्याने वर पाहिलं असतं तर? रेन्स्केने चटकन डोकं मागे घेतलं. तिच्या तोंडावर हसू होतं, आणि ते हसू त्याने पाहता कामा नये असं तिला वाटलं, परीक्षेत नक्कल करताना सापडावं तसं. असह्य म्हणालात ना बाई? मग हे काय? असह्य झालेल्या माणसाला भूक लागते का? त्याला जूनमधल्या माशाची चव आठवते का? तिने पोटावर हात ठेवला. पोट तसंच होतं, पाण्याने तट्ट फुगलेलं, आठवड्यापूर्वीच उपसून काढलं तरी पुन्हा भरलेलं. पाठीतली ती जुनी कळ, औषधाची पट्टी लावूनही न जाणारी, तीही जागेवर होती. सगळं जागेवर होतं. फक्त त्या सगळ्याच्या मधोमध, गर्दीत कोणी शीळ घालत उभं राहावं तशी ही भूक उभी होती.

दारावरची घंटा वाजली. आला परत, तिच्या मनात आलं. बघितलंच त्याने.

पण तो हार्म होता. तिचा धाकटा भाऊ, आता सत्तरीला टेकलेला, काळ्या कोटात, हातात नव्या बटाट्यांची पिशवी. तो अजून गावातल्या जुन्या घरातच राहायचा, बीट आणि बटाटे पिकवायचा, आणि तिथल्या कडक चर्चमध्ये वडीलधाऱ्यांच्या बाकावर बसायचा. शहरात गाडी चालवायला त्याला भीती वाटे, म्हणून बसने यायचा. दुसरे डॉक्टर या आठवड्यात येणार हे तिने त्याला फोनवर सांगितलं होतं, त्यावर त्याने फोन ठेवून दिला होता.

"आला होता का तो?" त्याने कोट न काढताच विचारलं.

"आत्ताच गेला. सायकलवर."

"खाली कुलपाशी खटपट करत होता, तो उंच?"

"तोच."

हार्मचा चेहरा पडला. "मी त्याला टोपी काढून सुप्रभात म्हटलं," तो म्हणाला.

"आता परत मागून घे."

"चेष्टा नको करूस, रेन्स. काय म्हणाला?"

"हो म्हणाला."

हार्मने बटाट्यांची पिशवी टेबलावर ठेवली. एक बटाटा घरंगळून खाली पडला तो त्याने उचलला, खिशातल्या रुमालाने पुसला आणि पुन्हा पिशवीत ठेवला. तो आता काय बोलणार ते तिला पाठ होतं. देणारा एक, नेणारा एक. हेगमधल्या सरकारी साहेबांनी कागदावर काय लिहिलं त्याने वर काही बदलत नाही. हे सगळं त्याने फोनवर सांगून झालं होतं, आणि तो मनापासून सांगत होता म्हणूनच ते ऐकवत नसे. आज तिला ते ऐकायचं नव्हतं. "हार्म," ती म्हणाली, "मला हेरिंग खायचाय."

"तुला?"

"मला. आत्ता. बाजारात जाऊन, उभ्याने. म्हणजे बसून. ती चाकाची खुर्ची कोपऱ्यात आहे बघ."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्याच्या घशात अडकलेलं प्रवचन तिला दिसत होतं. मग त्याने ते गिळलं. भुकेल्या माणसाला आधी खायला घालायचं, एवढं तर त्याच्याही धर्मात होतंच.

बाहेर ऊन होतं. ख्रोनिंगेनचं ऊन, वारा मिसळलेलं, अर्धं खरं. किती दिवसांनी तिच्या अंगावर वारा आला होता! हार्म खुर्ची ढकलत होता ती बीट भरलेल्या हातगाडीसारखी, अंग पुढे झोकून, खड्डा आला की नेटाने, दात-ओठ खात. दगडी रस्त्यावर चाकं दणदणत होती आणि प्रत्येक दणका पोटात पोचत होता. "हळू रे, मी बीट नाहीये." "बीट बडबड करत नाहीत," मागून आवाज आला. सायकलवाल्यांनी घंटा वाजवत दोन्ही बाजूंनी त्यांना ओलांडलं. कालव्यावरच्या नावेतल्या कुत्र्याने त्यांच्यावर भुंकून घेतलं. एका पोरीने आईसक्रीम सांडलं आणि तोंड वासून रडायला सुरुवात केली, आणि रेन्स्केला तिचं रडणंसुद्धा सुरेख वाटलं, केवढी ताकद त्या छातीत! आणि पुन्हा ती शंका आतून टोचली. तुला हे सगळं एवढं सुरेख वाटतंय, रेन्स्के, मग तू कशाला होकार मागितलास? तू त्या उंच माणसाला फसवलंस का? पण कालची रात्र फसवी नव्हती. काल कूस बदलायला तिला उशीला दातांत धरावं लागलं होतं. दोन्ही खरं होतं. एकाच बाईच्या अंगात दोन्ही खरं कसं मावतं, हे तिला कळत नव्हतं.

गावातल्या त्या उन्हाळ्यात मात्र एकच खरं होतं. वडील माडीवरच्या खोलीत होते आणि त्यांच्या हाडांत कर्करोग होता. कापणीचे दिवस, अंगाची लाही होत होती, आणि आई एकेक करून सगळ्या खिडक्या लावत फिरायची, शेजाऱ्यांना ओरडणं ऐकू जाऊ नये म्हणून. रेन्स्के सतरा वर्षांची, हार्म चौदाचा. डॉक्टर यायचे, टोपी हातात फिरवत पलंगाशी उभे राहायचे. वडील म्हणायचे, डॉक्टर, पुरे करा आता. डॉक्टर जमिनीकडे बघायचे. माझे हात बांधलेले आहेत, म्हणायचे. ते वाईट नव्हते. खाली येऊन स्वयंपाकघरात आईशी बोलताना त्यांचे ओठ थरथरताना रेन्स्केने पाहिले होते. पण तुरुंग होता, देव होता, गाव होतं, आणि टोपी डोक्यावर घालून ते निघून जायचे. मग आई पुन्हा उठायची, कुठली खिडकी उघडी राहिली का बघायला. रेन्स्केच्या नाकात अजून तो बंद घराचा वास होता. पुढे आयुष्यभर तिने पोहण्याच्या तलावाच्या त्या प्रचंड काचेच्या दालनात काम केलं, जिथे एवढा उजेड, एवढा प्रतिध्वनी, मुलं जीव तोडून किंचाळताहेत आणि कोणी त्यांना गप्प करत नाही, तेव्हा कदाचित त्या खिडक्याच उघडत बसली होती ती.

"आलो," हार्म म्हणाला.

मासळीबाजारात गाड्यामागची बाई गोरीपान, दणकट, मनगटापर्यंत खवले चिकटलेली. तिने सुरी थांबवली आणि डोळे बारीक केले. "रेन्स्के बाई? तलावावरच्या? देवा, तुम्ही मला ढकललं होतंत!"

"मी कोणाला ढकललं नाही."

"काठीने! मी उडी मारायला तयार नव्हते. मी पाण्यात पडताना तुम्हाला काय शिवी दिली होती!"

"मग पोहायला आलं ना?"

"आलं," बाई म्हणाली, आणि तेवढ्यात तिला खुर्ची दिसली, गाल दिसले, मनगटं दिसली. तिचा आवाज उतरला नाही, हे रेन्स्केला फार आवडलं. तिने सगळ्यात जाड मासा निवडला, मन लावून साफ केला आणि वर कांद्याची रास घातली. "हा माझ्याकडून. त्या शिवीबद्दल."

रेन्स्केने शेपटी धरली, मान मागे टाकली. आणि मग थांबावं लागलं. हार्मने टोपी काढली होती. भर बाजारात, सायकली, गोंगाट, माशांचं पाणी पायाखालून वाहतंय, आणि हा डोळे मिटून, ओठ हलवत, जेवणाआधीची प्रार्थना म्हणत उभा. पूर्वी तिला याची लाज वाटली असती. आज ती शेपटी धरून, तोंड उघडं ठेवून त्याच्यासाठी थांबली. "आमेन," तो म्हणाला. "आमेन," ती म्हणाली, आणि मासा तोंडात सोडला.

समुद्र, मीठ, लोणी, कांद्याचा झणका. घशाखाली गेला. तिने श्वास धरला. पोटाने विचार केला. मग पोटाने तो ठेवून घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कांद्यामुळे आणि इतर सगळ्यामुळे, आणि ती हसत सुटली होती. हार्मने स्वतःचा मासा संपवून आणखी एक घेतला आणि तो खाता खाता तिच्याकडे टक लावून बघत राहिला.

"बघ," तो हळूच म्हणाला. "खातेस. हसतेस. हे असह्य का, रेन्स?"

तोच प्रश्न. तिच्याच पोटातून काढून त्याने तिच्यापुढे धरला होता. ती हनुवटीवरचा कांदा पुसत राहिली, आणि मग एकदम म्हणाली, "तुला आपली करडी घोडी आठवते?"

"कुठली?"

"बाबा शेवटच्या आठवड्यात होते. घोडीचा पाय मोडला, आणि तिला संपवायला गुरांचा डॉक्टर आला."

"नाही आठवत," हार्म पटकन म्हणाला.

"आठवतंय तुला. माडीची खिडकी लावायची राहिली होती. बाबांनी बंदुकीचा आवाज ऐकला. आणि केवढ्यांदा ओरडले..."

हार्म माशाकडे बघत होता. त्याची मान आखडली होती. मग त्याचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं, रडतोय. आपण फार ताणलं. पण त्याने वर पाहिलं तेव्हा तो लाल झाला होता, आणि वडिलांच्याच आवाजात, गावच्या त्या जाड हेलात म्हणाला, "'त्याला म्हणावं, खालचं आटोपलं की वर ये!'"

आणि दोघंही फुटली. तेव्हाही अशीच फुटली होती. गोठ्यामागे जाऊन, एकमेकांच्या तोंडावर हात दाबून, आईला ऐकू जाऊ नये म्हणून पेंढ्यात डोकं खुपसून हसली होती, पोट दुखेपर्यंत, आणि मग त्या हसण्याची दोघांनाही इतकी भीती वाटली की त्याबद्दल पुन्हा कधी अवाक्षर काढलं नाही. हार्म तर पुढे चर्चच्या बाकावरच जाऊन बसला. आता तो गाड्याचा कठडा धरून वाकला होता आणि त्याची टोपी पायाखालच्या पाण्यात पडली होती. मासेवाली बाई काही न कळता त्यांच्याबरोबर हसत होती.

परतताना पुलावर त्याने खुर्ची थांबवली, चाकाला खीळ घातली आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मला तुझी काळजी नाही," तो म्हणाला. "म्हणजे आहे. पण तू आधीपासून तशीच. तुला हवं ते तू करतेस. मला आमच्या शेजारच्या आल्त्येची काळजी वाटते. एकटी असते, नव्वदीची. परवा मला म्हणाली, 'हल्ली लोक डॉक्टरला विचारून जातात म्हणे. मी अजून कशाला राहिलेय?' तिला जायचं नाहीये, रेन्स. तिला फक्त राहायची लाज वाटायला लागलीय."

पुलाखालून एक नाव गेली. हे खोटं आहे असं रेन्स्केला म्हणता आलं असतं, पण ते खोटं नव्हतं, हार्म खोटं बोलत नसे. "मग तिच्याकडे जात जा," ती शेवटी म्हणाली. "बटाटे घेऊन."

"जातोच," हार्म म्हणाला, आणि खीळ काढली.

संध्याकाळी तिची रोजची डॉक्टर आली. हेस्टर, तिशीतली, केस कसेतरी वर बांधलेले, घरोघर हिंडून थकलेली. रेन्स्के तिला दाराशीच म्हणाली, "मी हेरिंग खाल्ला, आणि तो आतच आहे. मला फार आनंद झालाय, हेस्टर. आता हे बेकायदेशीर झालं का?"

हेस्टर बॅग हातात धरून तशीच उभी राहिली. मग खुर्चीत बसली आणि हसली. "कायद्यात सहन होत नाही असं म्हटलंय. हसू येत नाही असं नाही म्हटलेलं."

"पण मी त्या डॉक्टरला 'असह्य आहे' म्हणाले, आणि तो गेला आणि मला भूक लागली."

"होतं असं. होकार मिळाला की होतं. काही जण तो वापरतसुद्धा नाहीत, उशाशी ठेवून शांतपणे आपले आपण जातात. तुम्हाला वापरायलाच हवा असं नाही. तुम्ही शेवटच्या क्षणीही नको म्हणू शकता, आणि मी बॅग उचलून जाईन. खरं सांगू? फार आनंदाने जाईन."

"तुला त्रास होतो याचा?"

"आधीचा आठवडा झोप लागत नाही," हेस्टर म्हणाली. "आणि दुसऱ्या दिवशी मी समुद्राच्या बांधावर नुसती चालत राहते. डॉक्टर होताना हे डोळ्यांपुढे नव्हतं. पण ज्यांना नाही म्हटलं, ते जास्त आठवतात."

ती गेल्यावर रेन्स्के खिडकीशी बसून राहिली, आणि दिवसभर टोचत होतं ते हळूहळू सैल झालं. तलावावर तिने किती मुलं पाहिली होती! पोर घाबरून बुडायला लागतं ते पाणी खोल असतं म्हणून नाही. दोन हातांच्या पाण्यातही बुडतात. काठ कुठे आहे ते दिसेनासं झालं की बुडतात. म्हणून ती लांब काठी त्यांच्या पुढ्यात धरून चालायची; आणि काठी हाताशी आहे हे एकदा कळलं की तीच पोरं ती न धरता, तिला ओलांडून, हसत हसत पुढे जायची. सकाळी तिने त्या उंच माणसाला खरंच सांगितलं होतं. काठ नव्हता. मग तो आला, बसला, आणि त्याने तो दाखवला. पाणी तेवढंच खोल होतं. भिजलेला कोट तेवढाच जड होता. पण आता पोहता येत होतं.

आणि तो उन्हाळा ती पोहली. रोज नव्हे, काही दिवस नुसते भांडं आणि अंधार केलेली खोली यांचे होते, आणि त्या दिवसांत ती हार्मलाही दार उघडत नसे. पण मधले दिवस! हार्म आता सारखाच यायला लागला, कधी वाटाण्याच्या शेंगा, कधी स्ट्रॉबेरी, कधी शेजारणीने पाठवलेला केक घेऊन. एकदा त्याने तिला तलावावर नेलं आणि स्वतः मोजे काढून, पँट दुमडून, पांढरेफटक पाय पाण्यात सोडून काठावर बसला. आयुष्यात तो कधी पाण्यात उतरला नव्हता. "थंड आहे," तो म्हणाला, जणू काही तिनेच ते थंड करून ठेवलं होतं. त्यांची भांडणंही चालू राहिली. त्याने आपलं मत सोडलं नाही, तिने आपलं. पण आता भांडता भांडता तो तिच्या पाठीमागची उशी नीट करायचा.

ऑगस्टच्या शेवटी अलुबुखार आले तेव्हा तिला त्यातला एकही गिळता आला नाही. एकदा नव्हे, तीनदा प्रयत्न केला. मग बसता येईनासं झालं. मग पाठीतली कळ पट्टी, गोळी, सुई कशालाच जुमानेनाशी झाली. एका सकाळी ती जागी झाली आणि तिच्या लक्षात आलं की काठ आता पुढे नाही, अगदी हाताला लागून आहे, आणि आपल्याला तो धरायचाय. भीती वाटली नाही. दमून येऊन दाराशी बूट काढावेत तसं वाटलं. तिने हेस्टरला फोन केला. हेस्टर आली, पलंगावर बसली, तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं, आणि दोघींनी दिवस ठरवला. गुरुवार. "रविवारी हार्मचं चर्च, शनिवारी तो बूट चमकवतो," रेन्स्के म्हणाली. "गुरुवारी त्याला काही नसतं."

हार्मला तिने स्वतः सांगितलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. "मी त्या खोलीत नसणार," तो म्हणाला. "मला ते जमायचं नाही."

"माहीत आहे."

"पण घरात असेन. एकट्याने कोणी जाऊ नये. स्वयंपाकघरात बसेन."

"नंतर नगरपालिकेचे डॉक्टर येतील, सगळं कायद्याप्रमाणे झालं का ते तपासायला. त्यांना कॉफी दे."

"आणखी एक डॉक्टर!" हार्म म्हणाला, आणि नाक शिंकरलं.

गुरुवारी आकाश धुतल्यासारखं होतं. रेन्स्केने सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या होत्या. रस्त्यावरच्या घंटा, कोणाचं तरी ड्रिल, शाळेत जाणाऱ्या पोरांची आरडाओरड, सगळं आत येत होतं. हाताच्या शिरेत सुई नर्सने आदल्या संध्याकाळीच बसवून ठेवली होती. हेस्टरचे डोळे सुजलेले होते; केस मात्र आज तिने नीट विंचरले होते, आणि त्यानेच रेन्स्केला गलबलून आलं. हार्म सकाळी तिच्याजवळ बराच वेळ बसला होता, तिचा हात आपल्या खरबरीत हातात धरून. मग कपाळावर ओठ टेकवून उठला आणि स्वयंपाकघरात गेला. मधलं दार त्याने लावलं नाही.

"मला शेवटचं विचारायला हवं," हेस्टर म्हणाली. "तुम्हाला हे हवंय?"

"हवंय," रेन्स्के म्हणाली. आवाज बारीक आला, पण स्पष्ट.

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून गाणं सुरू झालं. हार्म स्तोत्र म्हणत होता. त्यांच्या चर्चमध्ये स्तोत्र म्हणायची रीत अशी की प्रत्येक सूर सारखाच लांब, सारखाच जड, नांगर चिखलातून ओढावा तसा. लहानपणी रेन्स्के दोन शब्दांच्या मध्ये झोपून उठायची. एक सूर. वाट. दुसरा सूर. हेस्टर औषध भरलेली सिरिंज हातात धरून थांबली होती. गाण्याच्या मध्ये पडावं की नाही हे तिला कळत नव्हतं. तिसरा सूर. बाहेरचं ड्रिल दोनदा थांबून पुन्हा सुरू झालं, तरी पहिली ओळ संपली नव्हती.

"या चालीने," रेन्स्के कुजबुजली, "तो दुसऱ्या ओळीला येईपर्यंत मी आपली आपणच जाईन. तुझी गरजच पडायची नाही."

हेस्टरच्या नाकातून हसू फुटलं. तिने मनगटाने डोळे पुसले. रेन्स्केने छातीत होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला, तलावाच्या पार पलीकडच्या काठावर पोचायचा तो जुना, दालनभर घुमणारा आवाज शोधला, आणि तिला तो सापडला.

"हार्म! जरा भरभर!"

गाणं थांबलं. आपण त्याला दुखवलं का, असं तिच्या मनात आलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. घसा खाकरला गेला. आणि स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, आधी अडखळत, बिचकत, बर्फावर पहिलं पाऊल टाकावं तसं, आणि मग चाल सापडली. हार्म गात होता. दुडक्या चालीने, उघड्या खिडक्यांतून खालच्या रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, सूर चुकवत, पातेल्यावर चमच्याने ताल धरत. खाली कोणीतरी पोर शीळ घालून त्याला साथ देऊ लागलं.

पांघरुणाखाली रेन्स्केच्या पायाचा अंगठा हलायला लागला.

"आता," ती हेस्टरला म्हणाली.